म्हातारीचा चेहरा

सावाई तेइसुके अकराच्या आत येणार होते, आणि त्यांनी आणलेलं ताट न उघडताच परत जाणार, असं आत्याबाईंनी नऊ वाजताच जाहीर करून टाकलं होतं.

"रुमालाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "ताट येईल, समोर ठेवलं जाईल, मी दोन शब्द बोलेन, आणि आलं तसं जाईल. चहा द्या. बरोबर गोड काही नको."

"नुसता चहा?" मासुयोनं विचारलं.

"गोड दिलं की माणूस टेकतो."

हिरोओकांच्या घरात शेवटचा शब्द इसोनोआत्यांचा. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, लग्न केलं नाही, आणि धाकटा भाऊ गेल्यापासून सगळा कारखाना त्यांच्याच मुठीत. कारखाना म्हणजे मागच्या अंगणाकडची लांबोळकी खोली आणि पाच चौकटी. कियोतोतल्या बड्या घरात लग्न ठरलं, की भेटीच्या ताटावर घालायचा रेशमी रुमाल, फुकुसा, चार पिढ्या या खोलीत भरला जात होता. त्यावर क्रौंच, कासव, पाइन, बांबू, जे जे शुभ ते सगळं. भेट घेणाऱ्यानं रुमाल डोळे भरून बघायचा, वाखाणायचा, भेट ठेवून घ्यायची आणि रुमाल परत द्यायचा. भेट नको असेल तर रुमाल उचलायचाच नाही. कियोतोत 'नाही' म्हणायला तोंड कशाला लागतं?

आणि आजची भेट होती आत्याबाईंच्या भावजयीसाठी. म्हणजे मासुयोच्या सासूबाईंसाठी. हिरोओका फुसाए, वय वर्षं साठ.

"साठीला लाल टोपी घालतात," आत्याबाई म्हणाल्या. "नवरीची पांढरी नाही. काय रे रिन्तारो?"

रिन्तारो म्हणजे मासुयोचा नवरा; त्यांची मुलगी मघाशीच शाळेत गेली होती. तोंडात मुळ्याचं लोणचं होतं, म्हणून त्याला विचार करायला वेळ मिळाला. "बरोबर आहे आत्या," तो म्हणाला.

"काल रात्री आईंना काय म्हणालात?" मासुयोनं त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"तिचंही बरोबर आहे म्हणालो."

"तुम्ही डोंगराचा कडा आहात का हो? ज्यानं हाक मारली त्याचाच आवाज परत."

पण तिला बोलायला जागा नव्हती. तिनं तरी काय केलं होतं? उन्हाळ्यात पहिल्यांदा ही गोष्ट कानावर आली, तेव्हा तीन दिवस ती गुणगुणत भांडी घासत होती. घरात दोन सासवा. त्यातली एक आपण होऊन निघाली. असं नशीब कुणाचं असतं? चौथ्या दिवशी तांदूळ धुता धुता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. निघाली ती मऊ सासू. राहणार ती कडक. अकरा वर्षं आत्याबाईंचं बोलणं आधी सासूबाईंवर आदळायचं आणि मग उरलंसुरलं तिच्यापर्यंत यायचं. मधली उशी गेली, की उरणार ती आणि आत्याबाई, समोरासमोर. त्या दिवसापासून मासुयो गुपचूप आत्याबाईंच्या पक्षात गेली होती. कुणी काही विचारलं नाही, म्हणून तिनं काही सांगितलंही नाही.

"मासुयो, जरा ये गं," आतून सासूबाईंची हाक आली.

सासूबाई आरशासमोर बसल्या होत्या. राखाडी रेशमी किमोनो, केस घट्ट बांधलेले. गळपट्टी नीट बसली आहे का, ते त्यांना दिसत नव्हतं. अलीकडे जवळचं सगळं धुक्यात गेल्यासारखं होई. मोतीबिंदू पिकत होता. हे घरात फक्त मासुयोला ठाऊक होतं.

मासुयोनं गळपट्टी सारखी केली. "घाबरलात?"

"छे. या वयात कसली घाबरतेय मी!" त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "आज ते ताटावर तोच रुमाल घालून आणणार. वन्संनी तो अजून पाहिलेला नाही. त्यावरून काही निघालं, तर माझ्याकडे बघू नकोस. मी तुझं नाव घेणार नाही."

"का पण?"

"मी सांगितलं, की त्या दिवसापासून तू चेहरेवाली. मग सुटका नाही. चाळीस वर्षं मी देवांची नाकं भरतेय, मला विचार. सांगायचं तर तू सांग. नाही सांगितलंस तरी मी रागावणार नाही. खरंच नाही."

हेच तर गळ्यात अडकलेलं हाड होतं.

त्याचं झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी तेइसुके पहिल्यांदा या घरी आले ते गिऱ्हाईक म्हणून. बिवा सरोवराच्या काठी, कातादा गावात, ते आंबवलेल्या माशांचा धंदा करत. त्यांच्या पणजीच्या लग्नातल्या रुमालाला कसर लागली होती. गडद निळ्या साटिनवर पाइनखाली म्हातारा-म्हातारीचं जोडपं. त्याच्या हातात दाताळं, आयुष्य ओढून आणायला, तिच्या हातात केरसुणी, संकटं झाडून टाकायला. आख्ख्या रुमालात कसरीनं नेमका म्हातारीचा चेहरा खाल्ला होता. तेवढा भरून हवा होता. चेहऱ्याचं काम घरात एकट्या सासूबाईंचं. महिन्याभराचं काम, पण तेइसुके दर महिन्याला 'कुठवर आलंय' बघायला येत आणि सासूबाई दर महिन्याला 'अजून थोडं राहिलंय' म्हणत. दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. चेहऱ्याचं दुसरं काम तेव्हापासून आलं नाही, म्हणून ते कुणाला कळलं नाही. तेव्हा आत्याबाई दुपारी डुलकी काढत असताना, समोर सासूबाईंना बसवून, तो चेहरा मासुयोनं भरला. जिला आत्याबाईंनी कित्येक वर्षांत पाइनच्या काड्यांपलीकडे काही भरू दिलं नव्हतं, त्या मासुयोनं. काम पुरं झालं तेव्हा आत्याबाई तापानं अंथरुणात होत्या. रुमाल त्यांच्या नजरेला न पडताच कातादाला गेला.

"कुणी आहे का घरात?" बाहेरून खणखणीत आवाज आला.

तेइसुके एकटेच होते. सहासष्ट वर्षांचा, उन्हानं रापलेला, आखूड मानेचा माणूस. ठेवणीतला काळा पोशाख खांद्यावर जरा तंग.

"मध्यस्थ कुठाय?" आत्याबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं. "अशा कामाला एकटं येतात?"

"माफ करा. माझं लग्न जुळवू शकतील अशी सगळी माणसं केव्हाच वर गेली," तेइसुके म्हणाले. "त्यांना बोलवायचं, तर आधी मला तिकडे जावं लागलं असतं."

रिन्तारोला हसू फुटलं. आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितल्यावर ते खोकल्यात बदललं.

तेइसुकेंनी दाराशी बसून बोचकं सोडलं, काळं लाखेचं ताट मांडलं, त्यावर रुमाल घातला आणि ताट आत आणून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं. मग ते फिरवून रुमालाची शोभेची बाजू त्यांच्याकडे केली आणि वाकून नमस्कार केला. रीत अगदी चोख. ताटावरचा रुमाल मात्र मधोमध टेकडीसारखा फुगला होता.

आत्याबाईंनी रुमालावरून नजर मुद्दाम काढून खिडकीकडे लावली. "सावाईसान," त्यांनी सुरुवात केली, "आपण एवढ्या लांबून आलात. आमच्या घराचा मान ठेवलात. पण..."

इथे त्या थांबल्या. त्यांचं नाक हललं.

मासुयोलाही वास आला. आधी तिला वाटलं मोरी तुंबली. मग वाटलं मांजर मेलं.

"हे काय आहे?" आत्याबाईंनी विचारलं.

"फुनाझुशी. सरोवरातला मासा, मिठात आणि भातात मुरवलेला," तेइसुके अभिमानानं म्हणाले. "अंड्यांनी भरलेली मादी. तीन वर्षांचा आहे. मी पहिल्यांदा इथे आलो ना, त्याच आठवड्यात घातला होता."

ते सहज म्हणाले, पण सासूबाई एकदम खाली बघू लागल्या. तीन वर्षं. मासुयोनं मनातल्या मनात बोटं मोजली. म्हणजे या माणसाचं पहिल्याच भेटीत ठरलं होतं तर!

"मासा!" आत्याबाई ओरडल्या. "रेशमाखाली! दीडशे वर्षांच्या साटिनखाली आंबलेला मासा! अहो, वास बसेल त्याला! खारं पाणी सुटलं तर? जरीला हिरवं चढेल!" आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पुढे झेप घेतली, दोन्ही हातांनी रुमाल ताटावरून उचलला आणि लेकरू आगीतून काढावं तसा छातीशी धरला.

उघड्या ताटावर देवदाराचं छोटं पिंप होतं, लाल-पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेलं.

"आभारी आहे," तेइसुके जमिनीला कपाळ टेकवत म्हणाले.

"मी स्वीकारलं नाही!" आत्याबाई म्हणाल्या. "मी रेशीम वाचवलं!"

"आत्या, रुमाल तर उचललास तू," रिन्तारो म्हणाला.

"तू गप बस."

सासूबाई ओठ दाताखाली धरून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

आता रुमाल हातात आलाच होता. चार पिढ्यांच्या कारागिराच्या हातात भरतकाम आलं आणि त्यानं बघितलं नाही, असं कसं होणार? आत्याबाईंनी आधी सुरकुती झटकली. मग कडा बघितली. मग, कुणाला सांगत नाही असं दाखवत, कमरेच्या ओबीच्या पट्ट्यातून भिंग काढलं. क्रौंचाच्या पंखावरून भिंग गेलं, कासवाच्या शेवाळी शेपटीवरून गेलं, म्हाताऱ्याच्या दाढीवरून गेलं, आणि म्हातारीपाशी येऊन थांबलं. थांबलं ते थांबलंच.

"फुसाए," शेवटी आत्याबाई म्हणाल्या. आवाज अगदी वेगळा होता. "हे तू केलंस?"

सासूबाईंनी नुसती मान लववली. हो नाही, नाहीही नाही.

"आमच्या आबांनंतर असा चेहरा मी पाहिला नाही. एका दोऱ्याच्या बारा तारा करून भरलाय. सुरकुती बघ, टाका दिसतच नाही. आणि ही हसतेय. ओठ मिटलेले आहेत आणि हसतेय!" त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग तेइसुकेंकडे वळल्या, आणि आता त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरी कळकळ होती, आणि म्हणून ती जास्त कठीण होती. "सावाईसान, लोक काय म्हणतील म्हणून मी नाही म्हणणार होते. ते सोडा. लोक मरेनात का. पण तुम्ही हिचा हात मागायला आलात, आणि या घराकडे तेवढा एकच हात उरलाय. येत्या वैशाखात मुरोमाचीच्या कापडवाल्यांच्या मुलीचं लग्न आहे. रत्नांची नाव आणि त्यात सात देव, एवढा मोठा रुमाल. सात देव, सात चेहरे. माझा हात थरथरतो. ही गेली तर कोण भरणार? ही?" त्यांनी हनुवटीनं मासुयोकडे दाखवलं. "हिनं मागे मासा भरला होता. बटाटा वाटत होता."

"तो नऊ वर्षांपूर्वी, आत्या," रिन्तारो पुटपुटला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी हाक न मारता.

"कारखान्यातले चारही कारागीर चेहऱ्याशिवाय बसून राहतील. कारखाना बंद करायचा का मी? सांगा."

विधवेनं लग्न करू नये, असं म्हणणाऱ्याशी भांडायला तेइसुके तयारीनं आले असावेत. पण एका म्हातारीनं हात पसरून 'माझं घर बुडेल' म्हटलं, तर भांडणार कसं? ते सासूबाईंकडे वळले. मग हळूच म्हणाले, "फुसाएसान, तुम्हीच सांगा."

"वन्सं म्हणतात ते खरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "चेहऱ्याला कुणी नसेल, तर मी कशी जाऊ?"

त्यांनी मासुयोकडे बघितलं नाही. दिलेला शब्द तंतोतंत पाळला. आरशासमोर घातलेली गळपट्टी इतक्यात पुन्हा वाकडी झाली होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

मासुयोला नुसतं बसून राहायचं होतं. काहीही करायचं नव्हतं, चहा ओतायचा होता. तेइसुके निघून गेले असते, सासूबाई राहिल्या असत्या, उशी जागच्या जागी. आणि वैशाखाच्या आत केव्हातरी सगळ्यांना कळलं असतं, की सासूबाईंना सुईचं नाकसुद्धा दिसत नाही. म्हणजे चेहरे पुन्हा चोरूनच भरायचे, दुपारच्या डुलकीत, आणि वाहवा झाली की मान खाली घालायची. पण खरं सांगायचं तर ते तिला त्या क्षणी इतकं सुचलंच नाही. तिला आत्याबाईंचं एकच वाक्य टोचत होतं. बटाटा!

"चेहरा मी भरलाय," ती म्हणाली.

"काय?"

"म्हातारीचा. आईंना दिसत नाही, आत्याबाई. दोन वर्षं झाली. त्या समोर बसून सांगायच्या आणि मी भरायची. तुम्ही झोपायचात तेव्हा."

"मी दुपारी झोपत नाही. डोळे मिटते."

"तुम्ही डोळे मिटायचात तेव्हा."

आत्याबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी डोळे खाली केले, आणि तेवढ्यावरून त्यांना खरं काय ते कळलं असावं. तरी त्या कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी रुमाल उलटा करून मांडीवर टाकला, चेहरा खाली. "वरच्या ओठाला टाके किती?"

"अकरा."

"नऊ असतात. आमच्या घरात नऊ."

"आईंनीही नऊच सांगितले होते. नवात ती रुसल्यासारखी दिसत होती. मी उसवून अकरा घातले."

आत्याबाईंनी रुमाल सुलटा केला. भिंग लावलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. तेइसुकेही नकळत पुढे झुकून मोजू लागले. अकरा झाले.

"आणि ही हसतेय कशाला?" आत्याबाई म्हणाल्या. आवाज अजून करडाच होता, पण त्यात आता कुतूहल शिरलं होतं. "आबांच्या म्हाताऱ्या हसायच्या नाहीत. या प्रकारात म्हातारी शांत असते. हे हसू कुठून आणलंस?"

मासुयोला याचं उत्तर द्यायचं नव्हतं, कारण ते उत्तर तिचं नव्हतं. पण आता तोंड उघडलंच होतं. "सावाईसान महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचे," ती म्हणाली. "चेहरा भरताना समोर आई बसलेल्या असायच्या. इतर दिवशी त्यांचं तोंड शांत असायचं. सोमवारी नसायचं. मला जे दिसलं, ते मी भरलं."

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. साठ वर्षांची बाई आणि सोळा वर्षांच्या मुलीचे कान! तेइसुकेंनी रुमालाकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, मग पुन्हा रुमालाकडे, आणि बाहीत हात घालून ते बराच वेळ रुमाल शोधत राहिले, साधा, नाक पुसायचा.

आत्याबाई उठल्या. गुडघे वाजले. त्या ताटापाशी गेल्या, पिंपाभोवतीचा दोरा सोडला, झाकण जरासं उचलून आत बघितलं. घरभर असा काही वास सुटला, की रिन्तारोनं उठून दार सरकवलं.

"तीन वर्षांचा म्हणालात?"

"तीन."

"माझी आई कातादाकडची," आत्याबाई म्हणाल्या. "ती गेल्यावर या घरात हा आला नाही. कियोतोची माणसं. नाकं फार." त्यांनी झाकण बसवलं, पण हात त्यावरून काढला नाही. "आत घेऊन जा, मासुयो. पातळ काप कर, बोटाएवढेही जाड नकोत. आणि गोड आण, पाहुणे केव्हाचे बसलेत."

मासुयो उठली, पण आत्याबाईंनी तिला थांबवलं. "आधी हे." त्यांनी रुमालाची घडी घातली, म्हातारी वर येईल अशी, आणि ती मासुयोच्या हातावर ठेवली. "परत द्यायचाय तो त्यांना. ज्याचं काम, त्यानं द्यावा."

रुमाल हलका होता, पण मासुयोला तो सोडवेना. आठ महिन्यांच्या दुपारी होत्या त्यात. दीडशे वर्षांच्या रेशमात तळहाताएवढीही नसलेली जागा, आणि ती तिची होती, आणि ती आता डोंगरापलीकडे सरोवराच्या काठी जाणार होती. सासूबाईही जाणार होत्या. तिनं गुडघ्यावर बसून घडी तेइसुकेंपुढे धरली.

"कसर लागू देऊ नका," ती म्हणाली. तिला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं.

"रोज बघेन," तेइसुके म्हणाले. "दोघींनाही."

स्वयंपाकघरात मासे कापताना सासूबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला, आणि मासुयोचे डोळे भरून आले. वासानं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, तोंडात घास असावा तसा. कापांची पहिली बशी आधीच बाहेर गेली होती.

"मासुयो! सात देव आहेत, वैशाख लांब नाही. उद्या सकाळी सहाला चौकटीवर बस. पहिला ढेरपोट्या होतेई. पोट नंतर, आधी चेहरा."

आदल्या दिवसापर्यंत या वाक्याला एकच उत्तर असायचं, आणि ते दोन अक्षरी होतं: 'बरं'. मासुयोनं सुरी खाली ठेवली. हात धुतले, पुसले.

"आठला बसेन, आत्याबाई," ती दारातून म्हणाली. "आधी मुलीच्या वेण्या असतात, मग तिची शाळा."

आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या, चावत राहिल्या, आणि तो घास गिळायला त्यांनी पुष्कळ वेळ घेतला.

"साडेसात," त्या म्हणाल्या.

"आठ."

"बरं, आठ," आत्याबाई म्हणाल्या. "पण आठ म्हणजे आठ." आणि त्यांनी तेइसुकेंच्या बशीत सगळ्यात मोठा काप वाढला.